आबांच्या फोटोतला आठवा माणूस

दिवाळी आठ-पंधरा दिवसांवर आली, की घरोघर माळे रिकामे होऊ लागतात. पितळी भांडी चिंचेला लागतात, गाद्या उन्हात पडतात, आणि कोठल्या तरी ट्रंकेच्या तळाशी एखादा जुना फोटो हाती येतो. झाडणारा माणूस केरसुणी तशीच हातात धरून भिंतीला टेकून बसतो. "हे कोण ग?" अशी हाक स्वयंपाकघराकडे जाते. आतून उत्तर येते, "मला काय ठाऊक? तुमच्याकडचेच कोणी तरी असतील!" आणि फोटो पुन्हा ट्रंकेत जातो, तो पुढच्या दिवाळीपर्यंत.

आमच्या घरचा असाच एक फोटो साठ वर्षांहून अधिक काळ ट्रंकेतून वर-खाली होत होता. त्याची हकीकत वाचकांना सांगावी असे पुष्कळ दिवस मनात होते. पण ज्यांची परवानगी घ्यावयास हवी होती, त्यांनी ती दिल्यावाचून लिहिणे बरे नव्हे, म्हणून थांबलो होतो. आता ती मिळाली आहे.

सात माणसे आणि एक काहील

फोटो पोस्टकार्डाहून थोडा मोठा. मागे पाण्याचा मोठा विस्तार, आणि पाण्यापलीकडे झाडीने गच्च भरलेले डोंगर. पुढे काठाशी, गुडघाभर पाण्यात, एक भली मोठी काहील तरंगते आहे. मुंबई-पुण्याच्या वाचकांना काहील म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. गुऱ्हाळावर चुलवाणावर चढवून जिच्यात उसाचा रस आटवतात, ती लोखंडी पसरट कढई. आमच्या कोल्हापूर-सांगलीकडे तिचा दुसराही एक उपयोग आहे. पंचगंगेला नाही तर कृष्णेला पाणी चढले, की हीच कढई पाण्यात सोडून माणसे पैलतीर गाठतात. चार-सहा असामी तिच्यात सहज बसतात. नवख्याला मात्र पाय ठेवताच देव आठवतो, कारण ती जागच्या जागी गोल फिरू लागते!

फोटोतल्या काहिलीत चौघे उभे आहेत आणि तिघे काठावरच्या दगडांवर. मधोमध आहेत ते आमचे शेटजी, म्हणजे गुळाच्या बाजारातले बडे अडत्ये. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेले, अंगात कोट, डोक्यावर काळी टोपी, आणि दोन्ही हातांत कमरेपासून गुडघ्यापर्यंत लोंबणारा मासा. त्यांच्या शेजारी ऑइल इंजिनांचे एक कारखानदार, एक सराफ आणि एका सिनेमा थिएटरचे मालक. दगडांवर सरकारी कामे घेणारे एक कंत्राटदार, आणि त्यांच्या दोन बाजूंना दोन पुढारी. सर्वांच्या हातांत मिळून मासे चार; पण हसू सातही चेहऱ्यांवर सारखेच.

ह्या सातांची नावे मी येथे देत नाही. त्यांची नातवंडे-पतवंडे आज शहरात मानाने राहतात, आणि मासे धरणे हा काही गुन्हा नव्हे.

आमचे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, शेटजींच्या अडतीवर दिवाणजी होते. ते फोटोत नाहीत. फोटो काढणाऱ्याच्या मागे, जेवणाचे डबे, सतरंजी आणि खर्चाची वही सांभाळीत ते उभे होते. दिवाणजीची जागा तीच.

आणखी एक गोष्ट फोटोत आहे, जी आम्हां मुलांना अनेक वर्षे नीट कळलीच नव्हती. डाव्या कोपऱ्यात, जेथे फोटो संपतो तेथे, काहिलीच्या काठावर एक हात आहे. फक्त हात. कोपरापर्यंत उघडा, ओला, मनगटात काळा दोरा. बाकीचा माणूस चौकटीबाहेर. माझी धाकटी बहीण त्याला 'काहिलीचा कान' म्हणत असे!

निवडणुकीच्या आधीचा महिना

फोटो १९५७ च्या जानेवारीतला, राधानगरीच्या तळ्यावरचा. त्या तळ्याची कथाही मोठी आहे. कोल्हापूरचे राजर्षी शाहू छत्रपती यांनी फेजिवड्याजवळ भोगावती नदी अडवून धरण बांधण्याचे काम १९०८ च्या सुमारास हाती घेतले आणि तेथे नवे गाव वसवून त्याला आपल्या कन्येचे, राधाबाईंचे, नाव दिले. पहिल्या महायुद्धाच्या काळात पैसा अपुरा पडला आणि काम रखडले. १९२२ मध्ये महाराज निवर्तले, तेव्हा धरण अर्धेच होते. ते पुरे झाले स्वातंत्र्यानंतर. तळ्याचे नाव लक्ष्मी तलाव. पाणी ठराविक पातळीला आले, की ह्या धरणाचे सात दरवाजे माणसाचा हात न लागता आपोआप उघडतात. आजही पावसाळ्यात 'राधानगरीचा अमुक दरवाजा उघडला' ही बातमी आली, की कोल्हापूरकर प्रथम पंचगंगेच्या पातळीची चौकशी करतो.

तर अशा ह्या नव्याने भरलेल्या तळ्यावर शेटजींनी 'फिशिंग पार्टी' काढली. होडी मिळेल न मिळेल, म्हणून गुऱ्हाळावरची काहील ट्रकवर घालून नेली. पार्टीस बोलावले ते मात्र विचार करून. त्या वेळी महाराष्ट्र पेटलेला होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्य झाले होते, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राची मागणी गल्लोगल्ली दुमदुमत होती, आणि अवघ्या महिन्याभरावर सार्वत्रिक निवडणूक येऊन ठेपली होती. आमच्या फोटोतल्या दोन पुढाऱ्यांपैकी एक काँग्रेसचे आणि दुसरे समितीचे. सायंकाळी चौकातल्या सभेत एकमेकांची सालटी काढणारे हे दोघे सकाळी एकाच सतरंजीवर बसून एकाच डब्यातले पोहे खात होते. मध्ये शेटजी. व्यापाऱ्याला कोणाचेही राज्य आले तरी गूळ विकावयाचाच असतो!

आबा ही हकीकत सांगू लागले, की मान हलवून म्हणत, "बाबा रे, काहील आहे ती. सगळे एकाच बाजूला उभे राहिले तर उलटायची."

चार दिवसांनी फोटोच्या प्रती तयार होऊन आल्या, आणि शेटजींच्या लक्षात आपली चूक आली. ही प्रत एखाद्या वर्तमानपत्राच्या हाती पडली असती तर? दोन्ही पुढाऱ्यांची माणसे धावत आली. प्रती गोळा झाल्या, मोजल्या गेल्या, आणि आबांच्या हाती देऊन शेटजींनी हुकूम केला, "दिवाणजी, चुलवाणात घाला." आबांनी घातल्या. एक सोडून. आयुष्यभर शेटजींच्या पैचा हिशेब चोख ठेवणाऱ्या माणसाने एक प्रत का मागे ठेवली, हे कोडे आम्हाला त्यांच्या हयातीत उलगडले नाही. विचारले तर म्हणत, "दिवाणजीने कागद जाळू नये." ह्यापलीकडे काही नाही.

निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात समितीने काँग्रेसची दाणादाण उडवली. आमच्या दोघांपैकी कोण आले आणि कोण गेले, हे वाचकांनी ताडावे.

बड्यांची शिकार

बड्या माणसांना आपल्या शिकारीचा फोटो असावा असे का वाटते, हा एक गमतीचा विचार आहे. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधील वस्तुसंग्रहालय ज्यांनी पाहिले असेल, त्यांना तेथील पेंढा भरलेली जनावरे आणि शिकारीची हत्यारे आठवतील. शाहू महाराज जातिवंत शिकारी. त्यांच्या काळापासून कोल्हापूर संस्थानात चित्त्यांकडून काळविटाची शिकार करविण्याचा षोक होता. आपल्याकडचे चित्ते दुर्मिळ झाले, तेव्हा ते आफ्रिकेतून आणविले जात. पुढे १९५२ मध्ये भारतातून चित्ता नाहीसा झाल्याचे जाहीर झाले, आणि २०२२ मध्ये नामिबियातून पुन्हा काही चित्ते मध्य प्रदेशातील कुनोच्या जंगलात आणून सोडले, हे वाचकांस ठाऊकच आहे. त्या जुन्या काळचे काही फोटो मी पाहिले आहेत. राजा ओळखू येतो, पाहुणा साहेब ओळखू येतो. चित्त्याच्या गळ्यातली दोरी धरून उभा असलेला चित्तेवान मात्र कोण, हे खाली छापलेले नसते. इतके खरे, की ह्याच महाराजांनी गुन्हेगार म्हणून हिणवलेल्या फासेपारध्यांना बोलावून कामे दिली आणि १९०१ पासून जातीजातींच्या मुलांसाठी कोल्हापुरात बोर्डिंगे उभी केली. त्या बोर्डिंगांचा संबंध ह्या कथेशी पुढे येणार आहे.

पण हा छंद राजांपुरता नाही. अमेरिकेत मोटारवाले हेन्री फोर्ड, शास्त्रज्ञ थॉमस एडिसन आणि टायरवाले हार्वे फायरस्टोन ही त्रिमूर्ती दर उन्हाळ्यात रानावनात तंबू ठोकून राहावयास जात असे. १९२१ च्या जुलैमध्ये मेरीलँड परगण्यातल्या त्यांच्या तळावर खुद्द अध्यक्ष हार्डिंग मुक्कामास आले. त्या वेळचा एक फोटो प्रसिद्ध आहे: झाडाखाली एडिसनसाहेब हिरवळीवर खुशाल झोपले आहेत, आणि जवळ फायरस्टोन व अध्यक्षमहाराज वर्तमानपत्र वाचीत बसले आहेत. साधेपणाचे मोठे मनोहर चित्र! मात्र चौकटीबाहेर स्वयंपाकी होते, मोटारी हाकणारे होते, सामानाच्या गाड्या होत्या, आणि फोटोवाल्यांचा तांडाही होता. फोर्डसाहेबांच्या मोटारींची जाहिरात त्यात आपोआप होत असे. तिकडच्या व्यापाऱ्याने पुढाऱ्याबरोबरचा फोटो जगाला दाखविला, इकडच्या व्यापाऱ्याने चुलवाणात घातला. एवढाच काय तो फरक.

पुराचे पाणी

१९८८ मध्ये आबा गेले. फोटो एका जुन्या अल्बममध्ये खळीने चिकटवलेला होता, तो तसाच राहिला.

ऑगस्ट २०१९. कोल्हापूरकरांना हा महिना विसरता येणार नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फुटांची. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. राधानगरीचे दरवाजे उघडलेले, वरून पाऊस थांबेना. शाहूपुरीतल्या आमच्या सखल गल्लीत कमरेइतके पाणी आले. आम्ही म्हातारा-म्हातारी मुलाकडे वर राहावयास गेलो. पाणी ओसरल्यावर परत येऊन पाहतो, तो ट्रंक चिखलात पालथी!

अल्बमचा लगदा झाला होता. बरेचसे फोटो गेले. आईचा एकुलता एक फोटोही गेला, त्याचे दुःख वेगळेच. पण हा फोटो खळ विरघळून पानापासून सुटला होता आणि चिखलात उताणा पडला होता. नळाखाली हलकेच धुवावा म्हणून मी तो उलटा केला, आणि थबकलो. मागे शिसपेन्सिलीने भराभर ओढलेल्या ओळी होत्या. मोडी! शाईने लिहिले असते तर राहिले नसते.

आबांच्या पिढीचे दिवाणजी खाती-किर्दी मोडीतच लिहीत. माझ्या पिढीला तिचे एक अक्षर वाचता येत नाही. बापाचे हस्ताक्षर समोर आणि मुलगा निरक्षर, अशी ती गत. मी फोटो वाळवून, वह्यांच्या पानांत दाबून, मोडी शिकविणाऱ्या एका गृहस्थांकडे गेलो. त्यांनी भिंग लावले, दोनदा वाचले आणि हसून म्हणाले, "तुमचे वडील पक्के हिशेबी दिसतात."

वर तारीख आणि स्थळ होते. खाली सातांची नावे, नुसती. ना 'श्रीयुत', ना 'साहेब'. त्याखाली एक रेघ मारलेली. रेघेखाली आठवे नाव. पूर्ण नाव, बापाचे नाव, जात भोई, राहणार अमुक वाडी. आणि त्यापुढे दोन ओळी:

'जमा: मासे ४, पैकी थोर १. नावे: काही नाही. फोटो एक देणे. बाकी पुढे ओढली.'

ज्यांना जुन्या पद्धतीचा जमाखर्च ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. एखाद्याकडून आपल्याला जे मिळाले ते त्याच्या जमेस मांडावयाचे, आपण त्याला जे दिले ते त्याच्या नावे. आणि खाते मिटले नाही, तर राहिलेली बाकी पुढच्या पानावर ओढावयाची. म्हणजे त्या दिवशीचे चारही मासे सातांपैकी कोणाचेच नव्हते! आणि त्या भोयाचे एका फोटोचे देणे आबांनी आपल्या शिरावर लिहून ठेवले होते.

पुढचे पान म्हणजे मीच की! त्या रात्री मला झोप लागली नाही.

पाटकरीबुवा

२०२० च्या जानेवारीत, एस.टी.ने राधानगरीस उतरून, मी त्या वाडीचा शोध घेतला. जुनी वाडी धरणाच्या पाण्याखाली गेलेली. माणसे वर सरकून राहिलेली. नाव सांगताच एका पोराने बोट केले, "त्ये काय, पाटकरी आज्जा."

अंगणात एक वृद्ध गृहस्थ जाळ्याचे भोक विणीत बसले होते. माझ्याहून चार-पाच वर्षांनी थोरले. मी नमस्कार करून म्हटले, "मी कोल्हापूरहून आलो. गुळाच्या बाजारातल्या दिवाणजींचा मुलगा."

त्यांनी हातातली सुई खाली ठेवली. माझ्याकडे निरखून पाहिले आणि म्हणाले, "तू त्यो व्हय, पाटावर बसून माझ्याकडं डोळं वटारून बघणारा?"

मला काही उमजेना. मग त्यांनी जे सांगितले, ते ऐकता ऐकता माझ्या लहानपणाचे एक दार आपोआप उघडले.

तो मोठा मासा त्यांच्या वडिलांनी आदल्या रात्रीच धरला होता. महसीर जातीचा. ह्या माशाची एक जात इंग्रज अधिकारी साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतील माशांवरून शास्त्राला कळविली आणि तिच्या लॅटिन नावात आपल्याकडचा 'खुद्री' हा शब्द घातला. पुढे हा मासा नद्यांतून कमी होत चालला, तेव्हा टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याजवळ वळवणला त्याची पैदास सुरू केली. असो. तर तो मासा भोयाने कल्ल्यातून दोरी ओवून खुंट्याला बांधून जिवंत ठेवला होता. सकाळी पाहुणे गळ टाकून बसले. तास गेला, दोन तास गेले, काही लागेना. शेटजींचा चेहरा उतरू लागला. तेव्हा भोयाने पाण्याखालून जाऊन मासा हळूच त्यांच्या गळाला अडकवून दिला! शेटजींना मरेपर्यंत वाटत होते, की तो आपणच धरला. बाकीचे तीन जाळ्यातले.

"फोटू काढायच्या वक्ताला कायल फिराय लागली," पाटकरीबुवा म्हणाले. "मग माझा बा छातीएवढ्या पाण्यात हुबा ऱ्हाऊन तिला धरून बसला. जानेवारीचं पाणी! फोटुवाल्यानं सांगितलं, जरा बाजूला सर, मधी येतुयास."

पार्टी संपल्यावर मंडळी खूश होती. भोयाला काय हवे विचारले. त्याने पैसे मागितले नाहीत. म्हणाला, "एकदा फोटू दावा मला." आणि बारा वर्षांच्या पोराकडे बोट करून, "ह्याला शाळंत घाला." दोन्ही पुढारी एका सुरात म्हणाले, "त्यात काय! जूनमध्ये पाठवून दे कोल्हापूरला." त्या दिवशी दोन पक्षांचे ह्या एकाच गोष्टीवर एकमत झाले.

जून आला. पोरगा डोक्यावर फणस घेऊन कोल्हापुरास गेला. एका पुढाऱ्याच्या बंगल्यावर पहारेकऱ्याने फणस ठेवून घेतला आणि पोराला घालवून दिले. दुसरे पुढारी गावी नव्हते. शहरात त्याला तिसरा पत्ता ठाऊक होता तो गुळाच्या बाजाराचा. तेथे आबा भेटले. आबा त्याला घरी घेऊन आले.

हा मुलगा मला आठवला! पावसात भिजलेला, आमच्या पडवीत कुडकुडणारा. आईने त्याला गरम भाकरी आणि आमटी वाढली, आणि माझा सदरा मोठा करून घालावयास दिला, ह्याचा मला कोण राग आला होता! मी सात वर्षांचा होतो. दोन दिवसांनी आबांनी त्याला कोठे तरी नेऊन पोचवले. कोठे, ते मी विचारलेही नाही.

"एका बोर्डिंगात घातलं," पाटकरीबुवा म्हणाले. "तीन वर्सं ऱ्हायलो. दर म्हयन्याच्या पयल्या तारखंला दिवाणजी यायचे, फी भरायचे. म्हनायचे, शेटजींनी दिलीया. लई वर्सांनी कळलं, शेटजींना ह्यातलं काय ठावंच न्हवतं."

मी गप्प बसलो. कारण मला त्या तीन वर्षांच्या दिवाळ्या आठवल्या. १९५७, १९५८, १९५९. शेजारच्या मुलांना नवे कपडे, आम्हाला नाहीत. आबा म्हणत, "पेढीवर मंदी आहे." बहिणीचा परकर आईच्या जुन्या लुगड्याचा. फटाक्याची एक माळ तिघांत. गुळाच्या बाजारात तर तेजी होती, हे मी मोठेपणी ऐकले, तेव्हा मनात ठाम बसले की आबा कंजूष होते, आमच्या तोंडचे काढून शिल्लक टाकीत होते. ते अंथरुणाला खिळले असताना एकदा मी हे त्यांना बोलूनही दाखविले. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि कूस बदलली. एक शब्द बोलले नाहीत.

वाचकहो, बोलून गेलेला शब्द परत घेता येत नाही, आणि ज्याला म्हटला तो माणूस उरला नसेल तर क्षमाही मागता येत नाही.

१९६० मध्ये भोयाला छातीचे दुखणे झाले. मुलगा शाळा सोडून परतला. बाप त्याच पावसाळ्यात गेला. मुलाला शाळेतल्या अक्षरांवर पाटबंधारे खात्यात पाटकऱ्याची नोकरी लागली. ज्या तळ्याखाली त्यांची वाडी गेली, त्याचेच पाणी शेताशेतांना मोजून देण्यात त्यांचे आयुष्य गेले. तिन्ही मुली शिकल्या. एक नात तर परिचारिका आहे. हे सर्व त्यांनी अगदी सहज सांगितले. त्यात कोणाबद्दल तक्रार नव्हती.

"एकच ऱ्हायलं," ते म्हणाले. "बाला फोटू बघायचा हुता. जाईस्तवर इचारत हुता, आला का फोटू."

आबांनी एक प्रत का राखली, ते तेव्हा मला कळले. तो फोटो कोणाला दाखवू नये, असा धन्याला शब्द दिलेला. तो दाखवावा, असे भोयाचे देणे. दोन्हींच्या मध्ये हा माणूस सापडला. शब्द मोडता येईना आणि देणे बुडविता येईना. फीच्या रूपाने त्यांनी व्याज भरले. मुद्दल पुढे ओढली.

खाते मिटले

मी पिशवीतून फोटो काढला. कोल्हापुरातल्या एका स्टुडिओतून मोठा करून, चौकट घालून नेला होता. बाबूराव पेंटरांनी स्वतः सिनेमाचा कॅमेरा बनविला ते हे शहर. फोटोची कारागिरी येथे मुरलेली आहे. स्टुडिओतला तरुण म्हणाला होता, "आजोबा, डाव्या बाजूला कोणाचा तरी हात आलाय. काढून टाकू का? आता कॉम्प्युटरवर सहज निघतो." मी म्हटले, "बाबा रे, बाकीचे सात काढलेस तरी चालेल, पण तेवढा हात राहू दे."

पाटकरीबुवांनी चष्मा पुसला. सातांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली, कोणापाशी थांबली नाही. मग बोट कोपऱ्यात आले आणि काळ्या दोऱ्यावर टेकले. पुष्कळ वेळ ते तेथेच होते. नातसुनेला हाक मारून ते एवढेच म्हणाले, "ये पोरी, ह्यो बघ तुझ्या आज्जाच्या बाचा हात."

चहा झाला. निघताना मी विचारले, "तुमच्या वडिलांचे नाव मासिकात छापू का? लोकांना कळू दे." ते हसले. "त्या सातांची छापनार हाईस?" मी म्हटले, "नाही." "मग आमचंच कशाला? ऱ्हाऊ दे. आमाला ठावं हाय, तुला ठावं हाय. बास झालं." म्हणून ते नाव मी येथे लिहिले नाही. पण ही हकीकत लिहिण्यास त्यांची हरकत नव्हती, आणि यंदा पुन्हा विचारले तेव्हाही त्यांनी होच म्हटले.

राधानगरीभोवतीचे ते रान आता शिकारीचे राहिलेले नाही. फोटो निघाला त्याच्या पुढच्याच वर्षी, १९५८ मध्ये, दाजीपूरचे जंगल गव्यांसाठी राखून ठेवण्यात आले. तळे मात्र तेच आहे. बस वळणावर आली तेव्हा मी खिडकीतून पाहिले. एक माणूस काठाशी पाण्यात उभा राहून जाळे झटकीत होता.

घरी आल्यावर मी फोटो उलटा केला आणि आबांच्या ओळीखाली शिसपेन्सिलीनेच लिहिले, 'फोटो एक पोचला. बाकी नाही.' मोडी येत नाही म्हणून बाळबोधीत. आबा असते तर अक्षराला नावे ठेवली असती.

ह्या दिवाळीत माळा झाडताना एखादा जुना फोटो हाती आला, तर तो जरा उलटा करून पाहावा, ही वाचकांना विनंती. मागे काही लिहिले असेल तर वाचवून घ्यावे. काही नसेल, तर घरात जे वडीलधारे आहेत त्यांना आजच विचारून नावे लिहून ठेवावीत. मधल्यांची आणि कडेच्यांचीही. मला विचारावयास बत्तीस वर्षे उशीर झाला.